भयपट, माझं पत्रक आणि स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय

आमच्या कृती समितीत आम्ही चौघं. त्यातला एक कायम खानापूरला गेलेला असायचा, दुसऱ्याचं लग्न ठरत होतं, आणि तिसऱ्याला माईक हातात आला की रडू यायचं. राहिले मी. म्हणून गेल्या काही वर्षांत बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात वाटलं गेलेलं निषेधाचं जवळजवळ प्रत्येक पत्रक माझ्या हातचं आहे. तुंबलेल्या गटारींचं, मागांच्या विजेचं, कॉलेजच्या मुलींसाठी न थांबणाऱ्या बसचं. आई म्हणते, मला साधं बोलताच येत नाही. घरात दूध नासलं तरी मी दूध नासवणाऱ्या प्रवृत्तीचा धिक्कार करते. करते. कुणीतरी करायला नको?

तर त्या दिवशी मी समोरच्या आक्काकडे विजेच्या निवेदनावर सही घ्यायला गेले होते. आक्का साठी ओलांडलेली. तिच्या घरात पुढच्या खोलीत मुलाचे दोन पॉवरलूम दिवसभर खडाखडा चालतात आणि मागच्या खोलीत तिचा एकटीचा हातमाग आहे. पॉवरलूमवर ती बसत नाही. "ते आपलं आपणच विणतंय, मी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसू?" असं तिचं म्हणणं. मी पोचले तेव्हा मागच्या खोलीत माझ्याच वयाचा एक पोरगा बसला होता. डोक्यावर गॉगल, अंगात दहा-बारा खिशांचा शर्ट. निपाणीचा. वडिलांची तंबाखूची जुनी वखार रिकामी पडलीय म्हणून त्यात त्यानं सिनेमा काढायचं ठरवलं होतं. भुताचा. पंधरा दिवसांनी रविवारी शूटिंग.

"आक्का, चाळीस वर्सामागची साडी पायजे," तो सांगत होता. "तवा बायका नेसायच्या तसली. भुताला."

आक्कानं मागावरचा धोटा थांबवला नाही. "भूत उंचीला किती?"

"पाच फूट दोन इंच."

"लगीन झालंय?"

"झालंय की."

"मग पांढरी कशाला? हिरवी घे."

"पांढरी कुठं म्हणालो मी?"

"न्हाय म्हणालास, पण म्हणणार हुतास."

मला हसू फुटलं. पोरगाही हसला आणि हसण्याच्या भरात त्यानं अख्खी गोष्ट सांगून टाकली. खरी घटना आहे म्हणे. निपाणीच्या बसस्टँडवर एक माणूस यायचा, एकट्या बाईला गाठायचा, तीन बायका मारल्या त्यानं. त्यातली एक बेळगावकडची. "तर माझ्या पिच्चरमदी ती त्याच्यावर भाळती," पोरगा हातवारे करत म्हणाला. "नवऱ्याला सोडून त्याच्यासंगं जाती. तो तिला मारतो. मग ती भूत हुती आणि वखारीत येणाऱ्या सगळ्यांना..."

धोटा थांबला. मागच्या खोलीत एकदम इतकं शांत झालं की पुढचे पॉवरलूम आणखीनच मोठ्यानं ऐकू यायला लागले.

"भाळती असं कोण सांगितलं?" आक्का म्हणाली.

"सगळीच म्हणत्यात."

"बरं," आक्का म्हणाली. "साडी तयार झाली की कळवते."

आणि मी? मी गप्प बसणार होते होय! मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले ते भाषण करतच. खून झालेली बाई, तिला बदफैली करायची, वर तिचं भूत करायचं, आणि मारणाऱ्याला मिशा लावून हिरो करायचं, हा कुठला न्याय? पोरगा शांतपणे बूट घालत म्हणाला, "ताई, भूत लई पॉवरफुल हाय. सहा जणांना मारतंय. महिला सक्षमीकरणच झालं की हे."

मी त्याच क्षणी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा लिहिला.

घरी आले तर आईनं उरलेलं सांगितलं. ती बेळगावकडची बाई म्हणजे आक्काची थोरली बहीण. इचलकरंजीला दिलेली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत पंचमीला माहेरी यायला निघाली, निपाणीला बस बदलायला उतरली, आणि संपलं. तो माणूस नंतर पकडला गेला. त्याला फाशी झाली की जन्मठेप यावर आमच्या गल्लीत अजून दोन पक्ष आहेत. पण ती त्याच्याबरोबर आपल्या पायानं गेली, यावर एकच पक्ष. चाळीस वर्षं. परक्या माणसाबरोबर कुठली बाई उगाच जाते, असं म्हणत. सगळ्यात मोठ्यानं म्हणणारी गल्लीच्या टोकाची मावशी, जिला आमच्याकडे सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं, स्वतःच्या घरातलं सोडून.

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले. इथं एक गोष्ट कबूल करते, कारण पुढं सगळे मलाच विचारतील: आक्काला मी काही विचारलं नाही. सुचलंच नाही. अन्याय दिसला की माझा हात कागदावर जातो. ज्याच्यावर अन्याय झालाय तो माणूस समोरच्या घरात बसलेला असतो हे नंतर आठवतं.

पत्रक असं होतं: निपाणीच्या वखारीत भयानक प्रकार! सत्य घटनेच्या नावाखाली रक्तरंजित बाजार! एका निष्पाप स्त्रीचं भूत करणाऱ्यांना जाब विचारण्यासाठी रविवारी सकाळी दहा वाजता प्रचंड संख्येनं उपस्थित राहा! एका बाजूला मराठी, मागच्या बाजूला तेच कन्नडमध्ये, कारण आमच्या भागात जो जाब विचारायचा तो दोन्ही भाषांत विचारावा लागतो.

मजकूर घेऊन मी खडेबाजारच्या एका बोळातल्या छापखान्यात गेले. छापखान्याच्या मालकाला सगळे अण्णा म्हणतात. अण्णाचं पोट लग्नपत्रिकांवर आणि जत्रेच्या नाटकांवर चालतं. आमच्या खेड्यांत जत्रा आली की गावातलीच माणसं नाटक बसवतात. शेतकरी राजा होतो, कंडक्टर खलनायक होतो, आणि महिनाभर आधी लालभडक हँडबिलं वाटली जातात. ती सगळी अण्णाकडची. अण्णा नवीन काही जुळवत नाही. संगणकात मागचं हँडबिल उघडतो, जुना मजकूर पुसतो, नवा भरतो. मला हे माहीत होतं. पण मला त्या दिवशी मोर्चाला जायचं होतं, म्हणून मी म्हणाले, "अण्णा, तुमच्या पद्धतीनं करा. उठून दिसलं पाहिजे."

"डोळं दिपतील," अण्णा म्हणाला.

प्रूफ मी बघितलं नाही. आमच्या खानापूरवाल्यानं गठ्ठे उचलले आणि परस्पर वाटले. फोटो काढून गावोगावच्या ग्रुपांवर टाकले. शनिवारी रात्री समितीतला रडणारा मला म्हणाला, "प्रतिसाद लई भारी हाय. टेम्पो करून येणार हाईत लोक." माझ्या आयुष्यात माझ्या पत्रकावरून कुणी टेम्पो केला नव्हता. मी आनंदानं झोपलेच नाही.

रविवारी सकाळी नऊलाच मी वखारीसमोर काळं निशाण घेऊन उभी होते. वखारीच्या आवारात पोरग्यानं बसस्टँड उभा केला होता. म्हणजे एक बाक, "निपाणी" लिहिलेला एक पत्रा, आणि शाळेची एक बंद पडलेली गाडी, जिला लाल रंग फासला होता पण एका बाजूलाच. दुसरी बाजू कॅमेऱ्यात येणार नव्हती म्हणे. स्टँडवर गर्दी म्हणून त्याची चार चुलत भावंडं होती. ती कॅमेऱ्यासमोरून जायची, मागून पळत यायची, टोपी बदलायची आणि परत जायची. आत वखारीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भर दिवसा रात्र केली होती. धुक्यासाठी कुठल्याशा ग्रामपंचायतीचं डास मारायचं मशीन मागून आणलं होतं. ते सुरू केलं की भूत खोकत बाहेर यायचं. भूत म्हणजे नर्सिंगला शिकणारी एक मुलगी. तिचे केस ज्यूटचे होते आणि त्यांना गुळाच्या पोत्याचा वास येत होता. खुनी होता खानापूरकडचा एक प्राथमिक शिक्षक. जत्रेच्या नाटकांत दरवर्षी खलनायक. मिशी चिकटवून तो एका कोपऱ्यात बसून वह्या तपासत होता.

मी घोषणा दिली. एकटीच.

शिक्षक वर बघून म्हणाला, "बसा ताई. चहा आलाय."

आणि मग टेम्पो आले. एक, दोन, मग एक ट्रॅक्टर. ट्रॉलीतनं बायका उतरत होत्या, त्या ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत अबोलीचे गजरे, तोंडाला पावडर. पुरुष इस्त्रीचे सदरे घालून. एकानं नारळ आणला होता. एकानं हार. माझ्या हातातलं काळं निशाण बघून एक म्हातारा म्हणाला, "पडदा व्हय हा?"

गल्लीच्या टोकाची मावशी टेम्पोतनं उतरली तीच मला विचारत, "बायकांची बसायची सोय कुठं केलीया गं?"

"कसली सोय?"

"तूच लिवलंस की!" तिनं कमरेतनं पत्रक काढून माझ्या हातात दिलं.

तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. वर दोन्ही बाजूंना समया. मधोमध कवटी. "भयानक" आणि "रक्तरंजित" हे शब्द एवढे मोठे, आणि त्यांच्यातनं लाल थेंब गळणारे. "सत्य घटना" चौकटीत. "जाब विचारण्यासाठी" हे शब्द ओळीत बसत नव्हते म्हणून अण्णानं ते इतके बारीक केले होते की मुंगी वाटावी. आणि तळाला, मागच्या नाटकाचं पुसायचं राहिलेलं: एकच प्रयोग! स्त्रियांसाठी बसण्याची स्वतंत्र सोय. कन्नड बाजूलाही समया होत्याच.

मी अण्णाला फोन लावला. तो म्हणाला, "बघ, आलं का न्हाय लोक?"

निपाणीचा पोरगा धावत आला. त्याचा गॉगल डोक्यावरनं पडला तरी त्याला कळलं नाही. "ताई! एवढी गर्दी मला जन्मात मिळाली नसती! तुमचं नाव पिच्चरमदी घालतो. सुरुवातीला. मोठ्या अक्षरात!"

"मी निषेध करायला आलेय," मी ओरडले.

"करा की! पण जरा स्टँडवर उभं राहून करा, फ्रेममदी."

हा माणूस मला हाणून पाडावासा वाटत होता आणि हसूही आवरत नव्हतं. माझ्या आजवरच्या सगळ्या सभांत मिळून एवढी माणसं आली नव्हती. आली ती भूत बघायला! मी बाकावर चढले, लोकांना गैरसमज समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी मागच्या टेम्पोतनं आक्का उतरली. काखेत कागदात गुंडाळलेली साडी.

ती सरळ माझ्याकडे आली. "हे तू लिवलंस?"

"व्हय आक्का."

"झकास हाय. अंगावर काटा आला वाचून. मला इचारलंस?"

"इचारायचं काय त्यात? तुमच्या बहिणीची बदनामी..."

"भन कुणाची?"

मी बाकावरनं खाली उतरले.

"पिच्चर बंद करून काय हुणार?" आक्का म्हणाली. "पिच्चर बंद केलास तर गल्लीची तोंडं बंद हुत्यात व्हय गं? ती त्याच्यासंगं गेली, भाळली, हे चाळीस वर्सं चाललंय. ते मला बंद न्हाय, बदलून पायजे."

मग ती पोरग्याकडे वळली. "मी तिची धाकटी भन."

पोरगा तंबाखूच्या रिकाम्या पोत्यांवर मटकन बसला. शिक्षकानं वह्या मिटल्या आणि आधी मिशी काढली. ती अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली, आणि तशाच तोंडानं त्यानं आक्काला हात जोडले.

आक्का बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली. भोवती बायका गोळा झाल्या होत्या, त्यांत मावशी पुढच्या रांगेत.

"आमची थोरली खुळी न्हवती," ती म्हणाली. "स्टँडवर तो आला, तिला आक्का म्हणाला, मी तुझ्या म्हायेरचा म्हणाला. तुझी आई पडलीया, बापानं मला धाडलंय, गाडी हाय संगं. तर ती उठून गेली न्हाय. तिनं इचारलं. आपण इचारतो तसंच. कुणाच्यात तू? आजोळ कुठलं? आमच्यातल्या कुणाच्या लग्नात भेटलायस? पलीकडं शेंगा इकणारी बाई बसलेली, तिनं ऐकलं सगळं, पोलिसांत सांगितलं. आणि त्यानं एकूण एक बरोबर सांगितलं. चुलत्यांची नावं. आत्त्या कुठं दिल्यात. मामाचं गाव."

"कसं?" पोरगा म्हणाला.

"त्याच्या पिशवीत लग्नपत्रिका हुत्या. गठ्ठा. गावोगाव फिरून गोळा केलेल्या. वर आमच्या थोरलीची."

बेळगावकडच्या लग्नपत्रिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. आजा, चुलते, मामा, आत्त्यांचे यजमान, प्रत्येकाचं गाव, कोण कुठं नोकरीला, आणि तळाला बोबड्या बोलात घरातली सगळी पोरं. एक नाव राहिलं तर रुसवा दहा वर्षं चालतो. म्हणून सगळी घालतात. ती पत्रिका पाठ केली की कुठल्याही घरचा माणूस होता येतं. मी इतकी वर्षं कागद वाटतेय आणि कागदाचं हे मला कधी सुचलं नव्हतं.

"बापाला ठाण्यात ती पत्रिका दाखवली," आक्का म्हणाली. "त्यानंच सगळी नावं घातलती. कुणाचं ऱ्हाऊ ने म्हणून दोनदा तपासलती. घरी आला आणि आम्हाला शपथ घातली, ह्यातलं बाहेर बोलायचं न्हाय. माझ्या लग्नाला पत्रिकाच छापली न्हाय. दारोदार फिरून तोंडी सांगितलं त्यानं. तर गल्ली म्हणाली, थोरलीनं नाक कापलं म्हणून धाकटीचं गुपचूप उरकत्यात."

मावशी स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होती.

पोरग्यानं खिशातनं वही काढली. मग म्हणाला, "आक्का, हे माझ्या गोष्टीपेक्षा लई भारी हाय."

"लाज वाटते का?" मी अंगावर गेले.

"तू थांब," आक्का मला म्हणाली, आणि त्याला म्हणाली, "भारी हाय तर कर की."

"आणि भूत? भूत काढू?"

"काढतोस कशाला! साडी कुणासाठी आणली मी?" तिनं कागद सोडला. पोपटी हिरवी, काठ लाल. बायका पुढं झुकल्या, दोघींनी तर लगेच पोत बघितला. "भूत ठेव. पण रडणारं नको. दणकून मारू दे त्याला. मास्तर, तुम्ही चांगलं हाईसा, तुमच्यावर राग न्हाय हं."

"मारू द्या," मास्तर म्हणाला. "मी पडतो चांगला."

म्हणजे ज्या भुतावरून मी एवढं रान उठवलं, ते भूत आक्काला हवंच होतं! चिडायचं कुणावर तेच मला कळेना. पोरग्यानं तिथंच वहीत दोन पानं खोडली, बायकांना बाकाभोवती बसवलं आणि सांगितलं, तुम्ही स्टँडवरच्या बाया, तुमच्या मनात येईल ते बोला. अशा तऱ्हेनं स्त्रियांच्या बसण्याची स्वतंत्र सोय झाली.

पहिल्या खेपेला मास्तर मिशी नीट करून आला, हिरव्या साडीतल्या नर्सबाईपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, ओळखलं न्हाय? मी तुझ्या म्हायेरचा."

नर्सबाईनं तोंड उघडायच्या आत मावशी उठली. "थांब रं. कुणाच्यात तू?"

मास्तरच्या वाट्याला आलेली नावं त्याला अजून पाठ नव्हती, आणि म्हाताऱ्या बाईपुढं खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं खरं आडनाव सांगितलं.

"खानापूरकडचा? आजोळ?"

"नंदगड."

"नंदगडात कुणाच्यात?"

त्यानं सांगितलं. एक कन्नड बोलणारी बाई मधेच "याव ऊरप्पा?" करून त्याला गावच विचारायला लागली, तर मावशीनं तिला कोपरानं बाजूला सारलं. "अय्यो! तू माझ्या चुलतबहिणीचा नातू की रं!" आणि कॅमेऱ्यासमोर खुन्याच्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "वाळलास किती! जेवाय घालत न्हाय व्हय बायको?"

पोरगा जमिनीवर बसून हसत होता. चुलत भावंडं हसत होती. आक्काच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, हसून. मी निशाणाची काठी टेकून हसत होते.

दुसऱ्या खेपेआधी आक्कानं मास्तरला बाजूला घेतलं आणि पाठ करून घेतलं. बापाचं नाव, आज्याचं, तिन्ही चुलते, आत्त्यांची गावं. तिला अजून सगळी पत्रिका ओळीनं येत होती. मास्तर हजेरी घेतल्यासारखी नावं म्हणत गेला. पोरग्यानं बायकांना सांगितलं, आता काय पायजे ते विचारा, सोडू नका.

त्यांनी नाही सोडलं. मावशीनं तर नाहीच. चुलता धाकटा कोण, त्याचं सासर कुठलं, हळद कुणी लावली, मामा कुठल्या गिरणीत. मास्तर प्रत्येकाचं उत्तर देत होता. हळू, नम्रपणे, मान खाली घालून, जसा घरचा माणूस देतो. एकेक प्रश्न सुटत गेला तशी बायकांची धार गेली. हसू गेलं. आता विचारायला काही उरलं नव्हतं. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि तो खरोखर कुणाच्या तरी माहेरचा वाटायला लागला होता.

मावशी मागं सरकली आणि नर्सबाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जा गं बाई. घरचाच हाय."

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हिरवी साडी उठली, पिशवी उचलली, मास्तरच्या मागनं फाटकातनं बाहेर गेली. पोरगा कट म्हणायचं विसरला. कॅमेरा रिकाम्या फाटकावर चालूच राहिला. मावशीचा हात अजून हवेतच होता, आणि मग तो तिच्या स्वतःच्या तोंडावर गेला.

ती वळून आक्काजवळ आली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला शब्द शोधताना बघितलं. "मी धाडलं गं तिला," ती म्हणाली.

"तू न्हाय धाडलंस," आक्का म्हणाली. "पण तूबी धाडलं असतंस."

"व्हय. धाडलं असतं."

एवढंच. मग मास्तर फाटकातनं डोकं आत घालून विचारायला लागला, "झालं का? का आणि एकदा?" आणि सगळ्यांना परत कंठ फुटला. दुपारभर आत वखारीत भुतानं मास्तरला सात वेळा मारलं. आक्का कॅमेऱ्याशेजारी खुर्ची घेऊन बसली होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, "अजून जरा जोरात." डासांच्या धुरानं सगळ्यांचे डोळे लाल. माझं निशाण शेवटी खिडकीला लावलं, तिथं एक घोंगडी कमी पडत होती. तेवढी रात्र माझ्याकडून.

परतताना मी आक्काबरोबर त्याच टेम्पोत बसले, मावशी आमच्यासमोर. तवंदी घाट उतरेपर्यंत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग एका बाईनं, जी दुपारी उशिरा आली होती, विचारलं की झालं काय नेमकं. मावशीनं पदर सावरला.

"अगं, ती पोरगी साधी न्हवती," ती म्हणाली. "त्या मेल्याला तिनं पाच सवाल घातलं. पाच!"

तीन होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात आक्कानं माझा दंड धरला.

संकेश्वरला टेम्पो चहाला थांबला. मावशीनं चहावाल्याच्या बायकोला सांगितलं, सात सवाल. पोलिसांना पत्रिकांचं पोतं सापडलं म्हणे. हत्तरगीच्या पुढं एक बाई चढली, तिला दहा. शिवाय आता थोरलीनं त्याला नातं सिद्ध कर म्हणून सगळ्या स्टँडसमोर उभं केलं होतं, आणि आत्त्याचं गाव सांगताना तो जरा अडखळला तेव्हा अशी नजर लावली होती की तो घामानं भिजला.

"आक्का, हे असं न्हवतं," मी कुजबुजले. मला आकडे चुकलेले सहन होत नाहीत. ती माझी शिस्त आहे. "हे दुरुस्त केलं पायजे."

"गप," आक्का म्हणाली. तिची नजर मावशीच्या तोंडावर होती, नव्या नमुन्याचा काठ कसा उतरतोय ते बघावं तशी. "चाळीस वर्सं कमी सांगितलंय. आता थोडं जास्त सांगू दे."

काकती मागं पडलं तेव्हा थोरलीनं त्याला एक थोबाडीत दिली होती. टेम्पोतल्या सगळ्या बायका "हाणली? बरं केलं!" म्हणून मांडीवर हात मारत होत्या, आणि आक्का माझा दंड अजून धरूनच मावशीला विचारत होती, "कुठल्या हातानं गं?"

"डाव्या," मावशी म्हणाली. "उजव्यात पिशवी हुती की."